गव्हाच्या गावातलं आरमार

समुद्र इथून आठ तासांच्या वाटेवर.
तरी दर ऑगस्टात, कॉलेज भरायच्या आठवडाभर आधी
आमच्या आयडाहोतल्या गावात आरमार उतरतं.
यंदा बावीस पोरं.
मी कोठीवर असते. बूट, टोप्या, पट्टे, खाकी पँटी.
कंबर मोजते, आकडा लिहिते,
खिशावरच्या पट्टीला आडनाव शिवून देते.
बाहेर टेकड्यांवर कापणी चाललेली.
भुसा उडत येतो तो थेट मशीनच्या दातांत,
माझ्या कॉफीत.

सोमवारी पहाटे साडेचारला
गनरी सार्जंट इबारांचा आवाज
धान्याच्या उंच कोठारांवर आपटून परत आला.
जमिनीला आता डेक म्हणायचं.
जिन्याला शिडी, दाराला हॅच.
आणि ‘मी’ हा शब्द
घरून आणलेल्या कपड्यांसोबत
पिशवीत बांधून ठेवायचा, रविवारपर्यंत.

वेंडल क्योसनेस.
कंबर बत्तीस, पाय फताडे, मान उन्हानं सोललेली.
बापाचा गहू या खिडकीतून दिसतो.
टेप गळ्याशी नेला तसं हळूच म्हणाला,
‘बाई, जहाजावर झोप लागते का हो?’
काय सांगू.
बारा वर्षं काढली मी जहाजावर,
पण भांडारात, पाण्याच्या पातळीखाली.
समुद्र मला फारसा दिसलाच नाही.
पत्र्यापलीकडे ऐकू यायचा,
शेजारच्या घरात कुणी रात्रभर सामान हलवावं तसा.
लागते, म्हटलं. सरळ उभा राहा.

मारित हौक्काला अस्टोरियाची.
तीन पिढ्या खेकड्यांच्या बोटीवर.
गाठी शिकवायला आलेल्या पोराची गाठ
तिनं न बोलता सोडवली, पुन्हा घातली, परत दिली.
त्याबद्दल वीस जोर काढले.

गुरुवारी तलाव.
अंगावरच्या कपड्यांनिशी उंचावरून उडी,
मग पाण्यातच पँट उतरवायची,
दोन्ही पायांना गाठ मारायची,
डोक्यावरून फिरवून वारा भरायचा
आणि त्या फुगलेल्या पायांमध्ये मान घालून
तरंगत राहायचं.
माझी शिलाई तिथं कामाला येते.
दरवर्षी एखादी उसवते आणि दोष माझ्यावर येतो.

वेंडल वर कठड्याला धरून सात मिनिटं उभा होता म्हणे.
इबारा ओरडले नाहीत.
घड्याळ काढून खिशात ठेवलं, एवढंच.
मग धप्पकन आवाज आला.
पोहत नव्हता तो, पाणी उपसत होता,
पण पलीकडे पोचला.

संध्याकाळी कॅनव्हासच्या पोत्यातून
पँटी कोठीवर आल्या.
एकवीस ओल्या, पायांना गाठी तशाच.
बाविसावी आधीच काउंटरवर होती,
कोरडी, घडी घातलेली.
पहाटेच देऊन गेली मारित.
‘भांडण नाही कुणाशी,’ म्हणाली.
‘घरी खेकड्यांचे पिंजरे दुरुस्तीला आलेत,
आणि इथं मला सारखा त्यांचाच वास येतो.
गव्हात!’
हसली. बसची वेळ विचारली.
जिच्या मानेला हवेच्या पँटीची गरज नव्हती
ती स्पोकेनच्या बसमध्ये बसून गेली.

ओल्या गाठी सुटत नाहीत.
लाकडी खुंटीनं, दातांनी, शिव्या घालून
वीस सोडवल्या.
एकविसावी वेंडलची.
ती आमच्या पुस्तकातली गाठच नव्हे,
पेंढ्याचे भारे बांधतात ती.
राहू दिली. दोरीवर तशीच टांगली.

मग ब्लेड घेतलं आणि हौक्कालाची पट्टी उसवली.
आठ अक्षरं.
दोरा निघाला, भोकं राहिली.
पुढच्या ऑगस्टात ही पँट दुसऱ्या कुणाला जाईल,
नाव आखूड असेल तर
भोकं उघडी पडतील.

दिवा मालवला तेव्हा
डेकवर अजून थेंब पडत होते.
खिडकीबाहेर कापणीची यंत्रं
उतारावर रात्रपाळी करत होती.
जहाजाला डावीकडे लाल दिवा, उजवीकडे हिरवा,
सोमवारपासून पोरं घोकतायत.
यांना सगळे पांढरेच.
कोणतं येतंय, कोणतं जातंय,
इथून कळत नाही.